कमळाच्या हाती चेंडू

गुणाबाईंनी दोन्ही हातांनी चेंडू रेटला आणि तो सरळ सोनीच्या तोंडावर आदळला. सोनीचं डोकं मागे गेलं. खालचा ओठ फुटला होता. तिने जीभ फिरवून रक्त चाखलं, बाजूला थुंकली आणि मुरमावरून घरंगळत चाललेल्या चेंडूमागे गेली.

"हात कुठी होते तुझे?"

सोनीने बाहीने ओठ पुसला. चेंडू आणून तिने बाईंकडे टाकला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

रांगेतल्या मुली एकमेकींकडे पाहत होत्या. कमळाने ओढणी कमरेला आवळता आवळता हसू दाबलं. गुणाबाईंना ते दिसलं, पण त्या तिला बोलल्या नाहीत. येत्या रविवारी नागपूरच्या मुली येणार होत्या आणि त्या कोपरं मारून खेळतात हे बाईंना ठाऊक होतं. सोनीला मार खायची सवय आजच झालेली बरी, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी चेंडू पुन्हा तिच्या तोंडाच्या रोखाने फेकला. या वेळी तो सोनीच्या तळहातांत चपकन बसला.

"आता समजलं," गुणाबाई म्हणाल्या. शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती.

चांद्याच्या मुलींच्या या शाळेत बास्केटबॉल आणला तो गुणाबाईंनी. मूल गावाकडच्या धान पिकवणाऱ्या घरातल्या त्या. लग्न झालं, नांदायला गेल्या, आणि एके दिवशी नवऱ्याचं घर सोडून थेट अमरावतीला व्यायामाचं शिक्षण घ्यायला निघून गेल्या. गावात त्यांना टाकलेली म्हणत. खरं तर टाकलं होतं त्यांनीच, पण ते कोणाला समजावत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. शाळेत आल्यावर त्यांनी आलापल्लीच्या सागाच्या फळ्या मिळवल्या, लोहाराकडून कड्या करून घेतल्या, मैदानावर मुरूम पसरून स्वतः उभं राहून तो दाबून घेतला. मुली सलवार घालून धावू लागल्या तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर टवाळ पोरांची रांग बसायला लागली. गुणाबाईंनी हेडबाईंकडे तक्रार केली नाही. त्या दगड उचलून मारत. एकाचं कपाळ फुटलं, त्याची आई शाळेत येऊन शिव्या देऊन गेली, आणि भिंत रिकामी झाली.

भिंत रिकामी झाली तरी गावाचं तोंड बंद झालं नाही. शाळा समितीला आता सभागृह बांधायचं होतं आणि त्यासाठी मैदानाचीच जागा हवी होती. समितीचे अध्यक्ष भैयाजी लाकडाचे ठेकेदार. माणूस सरळ बोलायचा. यंदाचा नागपूरविरुद्धचा विभागीय सामना आपल्या शाळेत आहे, तो जिंका, मैदान ठेवा. हरलात तर पोरींना लेझीम शिकवा, ती व्हरांड्यातसुद्धा खेळता येते, असं त्यांनी सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. संघाची कर्णधार कमळा ही त्यांचीच धाकटी मुलगी.

सोनी भामरागडच्या पलीकडच्या रानातली. माडिया गोंड. तिचा बाप कोलू जंगलखात्यात चौकीदार होता आणि साहेबाच्या शब्दाखातर त्याने पोरीला चांद्याच्या वसतिगृहात आणून सोडलं होतं. पावसाळ्यात तिकडचे रस्ते तुटले की कित्येक महिने घरची खबर नसायची. वर्गात ती सगळ्यांत थोराड. वसतिगृहाच्या आवारात ती जागच्या जागी उडी घेऊन चिंचेचे आकडे तोडत होती, ते गुणाबाईंनी येता-जाता पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला मैदानावर उभं केलं. तुला खेळायचं आहे का, असं त्यांनी विचारलं नव्हतं.

सकाळ तापायला लागली तसे गुणाबाईंनी दोन गट पाडले आणि शिट्टी वाजवली. कमळा चेंडू आपटत निघाली. ती चपळ होती, तिचा हात चेंडूवर सुरेख बसायचा, त्यात खोट काढायला जागा नव्हती. सोनी बास्केटखाली एकटी उभी होती, हात वर करून. कमळाने तिच्याकडे पाहिलं, आणि चेंडू मागे दुसऱ्याच मुलीकडे दिला. तो तिच्या हातून निसटला.

शिट्टी वाजली.

"कमळा, सोनी मोकळी होती."

"दिसली नाई, बाई."

"एवढी ताडासारखी पोरगी दिसली नाई तुले?"

"नाई."

"मंग बाहेर बस. डोये दुखत असतील तुझे."

कमळा बाहेर बसली नाही. तिने चपला पायांत घातल्या, ओढणी नीट खांद्यांवर घेतली आणि फाटकातून घरी निघून गेली. तिच्यामागून आणखी तिघीचौघी गेल्या. सोनी हात खाली करून बास्केटखाली तशीच उभी होती.

भैयाजी दुपारी आले. शाळेच्या इमारतीत न जाता सरळ मैदानावर आले आणि बूट घालून चुन्याच्या रेघेवर उभे राहिले. गुणाबाई रेघेकडे पाहत होत्या.

"गुणाबाई, माह्या पोरीले घरी धाडलं म्हनते तुमी."

"बाहेर बस म्हनलं होतं, भैयाजी. घरी ती आपल्या मनानं गेली."

"हो, तशी ती हट्टी हाये. माह्यावर गेली." ते हसले. मग त्यांनी आवाज उतरवला, जवळजवळ मायेने. "पाहा, मी काई जुन्या डोक्याचा मानूस नाई. जमाना बदलला, मलेबी समजते. ती जंगलातली पोरगी खेळते, तं खेळू द्या. पन तिनं माठाले हात लावला. तवापासून पोरी तहानेल्या खेळून राह्यल्या. त्याइच्या माया मले येऊन बोलतात, तुमाले नाई बोलत."

भैयाजी आणखी जवळ आले.

"तिचं पानी येगळं, खानं येगळं. बस, एवढंच. उद्या सकाळी कमळा हजर, बाकीच्याबी हजर. नाई तं रविवारी तुमी अन् ती, दोघीच उभ्या राहा नागपूरवाल्याइसमोर."

बास्केटच्या खांबाची एक ढलपी निघाली होती. गुणाबाईंनी ती नखाने उचकटली, तिचे दोन तुकडे केले, आणि तुकडे हातातच राहू दिले.

"बरं," त्या म्हणाल्या.

भैयाजी गेले. त्यांच्या टाचांनी रेघ दोन ठिकाणी पुसली होती. एरवी गुणाबाईंनी चुना आणायला लगेच कोणाला तरी पिटाळलं असतं.

संध्याकाळी वसतिगृहाच्या पडवीत त्यांनी सोनीच्या हातात पाणी प्यायला एक जस्ताचा गडवा दिला.

"हा तुझा. माठाले हात नाई लावायचा. कोनीतरी वरून पानी वाढून देईन."

"काऊन?"

सोनीची मराठी अजून मोजकी होती, पण हा शब्द तिला चांगला येत होता.

"मले भांडाभांडी नाई पाहिजे, म्हनून. सामना होतपर्यंत त्याइच्या मनासारखं राहा."

सोनीने गडवा उलटा करून त्याचं बूड पाहिलं. "अन् सामना झाल्यावर?"

"मंग पाहू."

बोलताना गुणाबाई अंगणाकडे पाहत होत्या. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. सोनीने मात्र त्यांच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही, आणि त्या परत वळून चालू लागल्या तेव्हाही ती नजर त्यांना पाठीवर जाणवत राहिली. पोरगी उद्धट आहे, असं त्या वाटभर स्वतःला सांगत गेल्या.

रविवारी मैदानाभोवती माणसांना उभं राहायला जागा उरली नाही. शहराच्या परकोटाच्या आतले आले होते, बाहेरचेही आले होते. नागपूरच्या मुली स्कर्ट घालून उतरल्या तेव्हा एका बाजूने शिट्ट्या झाल्या. चांद्याच्या मुलींना तर गावाने आणखी खालच्या शब्दांत घेतलं. "टाकलेलीच्या कोंबड्या," असं कोणीतरी मागून म्हणालं आणि बरेच जण हसले. गुणाबाईंनी मान वळवली नाही. पुढच्या खुर्च्यांवर भैयाजी आणि समितीची मंडळी बसली होती. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातल्या वरपक्षाचा निवांतपणा होता. सामना कसाही झाला तरी त्यांचं काही जाणार नव्हतं.

पहिल्या डावात नागपूरच्या मुलींनी सोनीला खरोखरच कोपरं मारली. बरगडीत मारली, दंडात मारली, एकीने पायावर पाय दिला. सोनी हलली नाही. चेंडू वर उडाला की ती सगळ्यांच्या डोक्यांवरून हात घालून तो काढायची आणि खाली यायच्या आत कडीत टाकायची. ठणठणीत, निर्विकार खेळ. कमळा तिच्याकडे चेंडू देत नव्हतीच, पण फळीवरून परत येणारा चेंडू कोणाच्या देण्याची वाट पाहत नाही. हळूहळू गर्दीचा आवाज बदलला. मघाच्या शिव्या देणाऱ्यांतलेच काही जण आता तिच्या प्रत्येक उडीला ओरडायला लागले. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा चांदा पुढे होतं, आणि चांगलंच पुढे होतं.

नागपूरच्या बाईंनी संत्र्यांची टोपली आणली होती. अर्धी त्यांनी चांद्याच्या मुलींना दिली. कर्णधार म्हणून वाटायचं काम कमळाकडे आलं. ती एकेकीच्या तळहातावर संत्रं ठेवत गेली. सोनीसमोर आली तशी तिने हात उंच धरला आणि वरून संत्रं सोडलं. ते सोनीच्या बोटांना लागून खाली पडलं आणि धुळीत घरंगळलं. चुकून पडलं असंही म्हणता आलं असतं. पण कमळा थांबली नाही, पुढच्या मुलीकडे गेली, आणि तिच्या तळहातावर तिने संत्रं हळूच ठेवलं.

सोनीने खाली पाहिलं. मग मान वर करून गुणाबाईंकडे पाहिलं. गुणाबाई अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं, हे तिलाही कळत होतं. समोरच्या खुर्चीवर भैयाजी रुमालाने चष्मा पुसत होते.

"उचल अन् खाऊन घे," गुणाबाई म्हणाल्या. "येळ नाई."

सोनीने संत्रं उचललं नाही. ती मैदानात जाऊन आपल्या जागी उभी राहिली, शिट्टी व्हायच्या कितीतरी आधी.

दुसरा डाव सुरू झाला. पहिला चेंडू पुन्हा तिनेच काढला. कडी तिच्या हातापासून वीतभर असेल. पण तिने उडी अर्ध्यावर सोडली, खाली आली, वळली, गर्दीत कमळा कुठे आहे ते शोधलं आणि दोन पावलं चालून चेंडू तिच्या हातात दिला. फेकला नाही. दिला, एखादी वस्तू ज्याची त्याला द्यावी तसा. कमळा गोंधळली. तिने घाईने फेकलेला चेंडू फळीच्या कडेला लागून बाहेर गेला.

गुणाबाईंना वाटलं, पोरगी दमली.

दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी सोनी बास्केटखाली पूर्ण एकटी होती, नागपूरची एकही मुलगी जवळ नव्हती.

"टाक," गुणाबाई रेघेवरून ओरडल्या. "सोने, टाक."

सोनी थांबली. कमळा मैदानाच्या मध्यातून धावत येईपर्यंत तिने चेंडू पोटाशी धरून ठेवला, आणि ती आल्यावर तो तिच्यापुढे केला. आता सगळं गाव पाहत होतं. कमळाचा चेहरा लाल झाला होता. ती मान हलवत होती, नको म्हणत होती, पण सोनीचे हात पुढेच होते. कमळाने चेंडू घेतला. तिची बोटं सोनीच्या बोटांना लागली. तिने फेकलं, आणि चेंडू कडीपर्यंतही पोहोचला नाही. मागे कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

सोनीला बाहेर बोलावणं बाईंच्या हातात होतं. शिट्टी गळ्यात होती, बदली मुलगी बाजूला बसली होती. त्या रेघेवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही केलं नाही. पुढचा सगळा खेळ त्यांनी असाच पाहिला. सोनी कोणतीही चूक करत नव्हती. ती धावत होती, चेंडू अडवत होती, मार खात होती, आणि मिळालेला प्रत्येक चेंडू नेऊन कमळाच्या हातात ठेवत होती. नागपूरच्या मुली हळूहळू जवळ आल्या, बरोबरीला आल्या, आणि पुढे निघून गेल्या.

सामना संपल्यावर भैयाजी स्वतः उठून आले.

"हारजीत चालतेच, गुणाबाई. पन पोरगी गुनाची निंगाली. आपलं आपलं नाई केलं तिनं, आपल्या पोरीले पुढं केलं. शहानी हाये." त्यांनी घड्याळ पाहिलं. "उद्या मंगरू मुकादमाले मानसं घेऊन धाडतो. पायव्याचं काम लवकर झालं पाहिजे."

गर्दी ओसरली. सोनी विहिरीजवळ पाय धूत होती. गुणाबाईंनी जाऊन तिचा दंड धरला. नागपूरच्या मुलींनी जिथे कोपरं मारली होती नेमका तोच दंड.

"काऊन नाई टाकला?"

"तुमीच सांगतलं, बाई. त्याइच्या मनासारखं राहा. राह्यली."

गुणाबाईंचा दुसरा हात उठला. सोनीने डोळे मिटले नाहीत. हात थोडा वेळ वरच राहिला, मग बाईंनी तो खाली घेतला.

"मैदान गेलं. समजते तुले? मैदान गेलं."

"मैदान तुमचं होतं," सोनी म्हणाली. "माह्यं कवा होतं?"

तिने दंड सोडवून घेतला आणि ओल्या पायांना मुरूम लागत होता तशीच ती वसतिगृहाकडे चालत गेली. गुणाबाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. रागवायला त्यांना कितीतरी माणसं होती, भैयाजी होते, कमळा होती, हसणारं गाव होतं. पण राग कोणावरही नीट बसेना. धुळीत पडलेलं संत्रं आणि आपल्याच तोंडचे शब्द, यांच्याभोवतीच तो फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर आल्या तेव्हा मंगरू मुकादमाची माणसं अलीकडच्या टोकाला दोऱ्या ताणून खणायला लागली होती. अलीकडचा खांब आडवा पडला होता. पलीकडचा अजून उभा होता आणि त्याच्याखाली कमळा चेंडू घेऊन उभी होती. तिचे डोळे सुजले होते. रात्रभर रडलेल्या मुलीचे असतात तसे.

"काय पाहिजे?" गुणाबाईंनी विचारलं.

"सोनी कुठी हाये?"

"तुले काय करायचं तिचं?"

कमळाने ओठ चावला. "तिनं साऱ्या गावासमोर मले नागडं केलं, बाई. बाबाले काईच समजलं नाई, ते घरी तिची तारीफ करून राह्यले. मले समजलं."

"मंग?"

"मले तिच्यासंग नाई खेळायचं. तिच्याविरुद्ध खेळायचं हाये. ती अन् मी. तिनं बॉल द्यायचा नाई मले. मी हिसकून घेईन."

शाळेच्या घंटेआधी वसतिगृहाच्या मुली याच वाटेने येत. सोनी सगळ्यांच्या मागे होती. कमळाने तिला हाक मारली नाही. तिने चेंडू जोराने फेकला आणि सोनीने तो छातीशी अडवला. दप्तर खाली पडलं.

"टाकून दाखव," कमळा म्हणाली. "मी टाकू नाई देत."

सोनीने गुणाबाईंकडे पाहिलं. या वेळी गुणाबाईंनी नजर चुकवली नाही, पण सांगितलंही काही नाही. सोनीने दप्तर पायाने बाजूला सारलं. मग तिने चेंडू एकदा जमिनीवर आपटला.

तो खेळ नव्हता, मारामारीच होती. कमळा अंगावर धावून गेली, सोनीने खांद्याने तिला दूर सारलं आणि चेंडू कडीत टाकला. कमळाने दुसऱ्या खेपेला तिचा दंडच धरला. सोनीने तिला फरफटत नेलं. कमळा पडली, कोपर सोललं, सोनीने हात पुढे केला नाही आणि कमळाला तो नकोही होता. तिने सोनीची सलवार मुठीत धरून स्वतःला उभं केलं आणि त्याच झोकात चेंडू हिसकला. दोघींच्या घामाचा वास येत होता. कोणाचं रक्त कोणाच्या बाहीला लागलं होतं ते सांगता आलं नसतं. कमळाच्या एका फेकीने कडी गाठली. सोनीच्या तोंडून गोंडीतली एक सणसणीत शिवी निघाली. अर्थ न कळताही कमळाने ती तितक्याच सणसणीत मराठीत परत केली.

मंगरू खांद्यावर पहार घेऊन आला.

"बाई, हा बी खांब काढा लागते. भैयाजीनं सांगतलं."

"काढ ना," गुणाबाई म्हणाल्या. "खाली भैयाजींची पोरगी हाये. तिले म्हन बाजूले हो."

मंगरूने पाहिलं. कमळा केस विस्कटलेल्या अवस्थेत, दातओठ खात सोनीच्या बरगडीत कोपर खुपसत होती. त्याने तिच्याकडे एक पाऊल टाकलं, आणि मग थांबला. पहार जमिनीवर ठेवून तो खाली बसला. अलीकडची माणसंही खणायची थांबून इकडे पाहत होती. शाळेची घंटा झाली. दोघींपैकी कोणीही वळली नाही.

मंगरूने तंबाखू काढली, चुना लावला आणि मळत मळत विचारलं, "कोन जिंकून राह्यली, बाई?"

गुणाबाईंनी दोघींकडे नीट पाहून घेतलं.

"अजून कोनीच नाई," त्या म्हणाल्या.